काचेवरचं कुंकू

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढ्याबद्दल माफ करावं. जे लिहिलंय त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

संस्थान गेलं, मध्य भारत झाला आणि आमच्या थोरल्या दिरांची दरबारातली कारकुनी गेली. ऐट मात्र राहिली. त्यांनी इंदुरात लाँड्री काढायचं ठरवलं. एका साहेबाच्या कोठीत थंडीत खोल्या गरम करणारा जुना बॉयलर विकायला होता. तो माझ्या पाटल्या विकून घेतला. "घरचेच पैसे, वर्षात परत," असं ते ह्यांना म्हणाले. माझ्याशी ते बोलत नसत आणि मला त्यांच्यासमोर तोंड उघडायचा धीर नव्हता.

बॉयलर घरामागच्या पडवीत बसवला. त्याची वाफ नळांतून एका खोलीत फिरे आणि तिथे पावसाळ्यातही कपडे वाळत. पुढच्या अंगाला एक उभी काचेची नळी होती. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसे. पाणी अर्ध्या काचेखाली जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम. लहान मुलालाही कळेल असा.

खंडेनवमीला दिरांनी पणजोबांच्या तलवारीबरोबर बॉयलरचीही पूजा मांडली. बॉयलरचं कपाळ कुठलं, तर ती नळी, असं त्यांनीच ठरवलं आणि तिच्यावर ओलं कुंकू थापलं. वर झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी दसरा होता, पण दवाखान्याच्या चादरी द्यायच्या होत्या, म्हणून भट्टी पेटवली.

हे म्हणाले, "दादा, पाणी दिसत नाही. जरा पुसतो."

"सोनं लुटून येईपर्यंत पूजा मोडायची नाही. काल भरलंयस ना? मग? देवीवर भरवसा नाही का तुझा?"

हे परत भट्टीकडे वळले. स्वयंपाकघरात आले तेव्हा मी म्हटलं, "पुसून टाका ना. माझ्या पाटल्या आहेत त्यात."

"दादांनी लावलंय गं."

चाळिशीला आलेला माणूस भावाच्या कुंकवाला हात लावायला भितो आणि भट्टीत कोळसे मात्र टाकत राहतो!

दुपारी असा काही फूत्कार झाला की भांडी हादरली. बॉयलरच्या पोटात शिशाचं एक बूच होतं. पाणी आटलं की ते वितळायचं आणि वाफ भट्टीवर पडून विस्तव विझायचा. त्या दिवशी आमच्या घरात अक्कल होती ती त्या बुचाला. दीर दरबारी पगडी तिथेच टाकून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर पोचले. लढवय्यांचं घराणं आमचं.

मिस्त्री आला, त्यानं माळ उचलून बघितलं आणि हसला. "काँच पे टीका किसने लगाया, भिया?"

दीर छाती काढून म्हणाले, "देवीनंच वाचवलं." मग ह्यांच्याकडे वळून, "बायकोला सांग, दुरुस्तीचा खर्च झालाय. पाटल्यांचं आता विसरायचं. घरच्या घरात कसला हिशेब?"

मी दुसऱ्या दिवसापासून ओलं फडकं घेऊन रोज नळी पुसायला लागले. आणि लाँड्रीचे पैसे आले की पाटल्यांची रिकामी डबी उघडून दिरांच्या पाटाशेजारी ठेवायची, मग ताट वाढायचं. पहिल्यांदा त्यांनी ती पायानं सरकवली. मी परत ठेवली.

"हे काय नाटक?" त्यांनी ह्यांना विचारलं. हे ताटात बघत बसले, नेहमीसारखे.

एकदा दरबारातले जुने सोबती जेवायला होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "ही डबी कसली हो, रावसाहेब?" दिरांचा घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी डबीत पहिल्यांदा नोटा पडल्या.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी कुंकू भट्टीच्या दारावर लावलं, नळीकडे बघितलंही नाही. दिवाळीच्या आधी उरलेले पैसे डबीत टाकले, तोंड दुसरीकडे करून, जणू भिकारणीला टाकतायत. टाकू देत. मी ते त्यांच्यादेखत बाहेर काढून मोजले. पाटल्यांची रक्कम पुरती फिटली होती.