मोठं पोर म्हणणारं घुबड

माझं अक्षर म्हणजे कोंबडी पिठातून चालून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. ही पानं कुणाच्या हाती लागली तर चुकांची माफी असावी. खरं तर कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. शोकसभेत तोंड उघडता आलं नाही, तेव्हापासून छातीत जाळ झालाय, तो कुठेतरी ओतायला हवा.

सुमेधाताई गेल्या हे मला त्यांच्या लेकीने, ईराने फोनवर सांगितलं. "आंटी, आई इज गॉन," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मी चपाती लाटत होते. तव्यावरची कोळसा झाली तरी मला कळलं नाही...

मग दुबईत एका हॉलमध्ये सभा झाली. मी मागे, चपलांजवळच्या खुर्चीवर बसले. एक बाई माइकवर म्हणाल्या, "सुमेधाला पक्ष्यांचा किती छान छंद होता!" दुसरे गृहस्थ म्हणाले, "न्यूझीलंडला जायचं मात्र राहून गेलं बिचारीचं." राहून गेलं! छत्री बसमध्ये राहून जाते, डब्याचं झाकण दुसऱ्याच्या घरी राहून जातं. ताईंचं जाणं राहून गेलं नाही, ते अडवलं गेलं. आणि ज्यांनी अडवलं ते त्यांचे यजमान, श्रीरंगभाऊ, पांढरा सदरा घालून उठले आणि म्हणाले, "मी तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या पायाशी एवढ्या चपला होत्या, पण मी लाजरी, हात जोडून बसून राहिले.

आम्ही शारजात रोल्ला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये समोरासमोर राहायचो. त्या पुण्याच्या, दवाखान्यात रक्त तपासायच्या. आम्ही रत्नागिरीकडचे, आमचे हे गॅरेजमध्ये. दुपारी मी त्यांच्याकडे चपात्या करायला जायची. एका वर्षी त्यांनी न्यूझीलंडला कायमचं जायचा अर्ज केला. अर्ज ताईंच्या नावावर होता, कारण त्यांच्या शिक्षणाला तिकडे मागणी होती. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या कुटुंबाच्या सामानातून त्यांनी तिथल्या पक्ष्यांचं एक जाड पुस्तक आणि आवाजांची सीडी विकत आणली.

"राहायला जायचं तिथल्या शेजाऱ्यांची नावं आधी माहीत हवीत, हसीना."

"शेजारी म्हणजे गोरे ना?"

"ते फार नंतर आले गं. हे आधीचे."

मी लाटायची, त्या ओट्याला टेकून पुस्तक धरायच्या. म्हणायच्या, "रंगावर जाऊ नकोस, रंग उन्हात फसवतो. चोच बघ, शेपूट बघ, तो काय करतोय ते बघ." त्या बेटांच्या चारी बाजूंना नुसता समुद्र. जमिनीवर मांजर नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही. म्हणून तिथली कितीतरी पाखरं उडायचंच विसरली. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला, तो मातीत नाक खुपसून किडे हुंगतो. आणि काकापो नावाचा पोपट, हिरवा, लठ्ठ, कोंबडीसारखा चालत जाणारा. मला आधी हसू आलं. मग वाटलं, अल्लाने कुठे कुठे काय काय करून ठेवलंय, आणि आपण ते बघितलेलंही नसतं.

एकदा त्यांनी सीडी लावली आणि म्हणाल्या, "ओळख, कोण?"

मी कान दिला. "मोठं पोर, मोठं पोर म्हणतंय."

ताई हसत हसत खालीच बसल्या. ते छोटं घुबड होतं. म्हणाल्या, "गोऱ्यांना त्यात डुकराचं मटण ऐकू आलं, 'मोर पोर्क', तेच नाव पडलं त्याचं."

"तोबा! त्यांना पोटाचंच सुचायचं."

"आणि तिथल्या मूळच्या लोकांना 'रुरू' ऐकू आलं. तुला पोर."

आमच्याकडे पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, मग त्या घुबडाने 'मोठं पोर' म्हटलं तर बिघडलं काय? त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पाखराला आमचं नाव ठेवलं. पंख्यासारखी शेपटी उघडणारी एक चिमुकली चिमणी जंगलात माणसाच्या मागे मागे येते. माया म्हणून नाही, आपल्या पावलांनी किडे उडतात ते टिपायला. तिला मी पाठराखीण म्हटलं. नवरीबरोबर सासरी जाते ना, तशी. ताईंना ते फार आवडलं. "बघ, म्हणजे मी एकटी गेले तरी तिथे माझी पाठराखीण आहेच."

मग मंदी आली. भाऊंच्या कंपनीतली माणसं रोज कमी होऊ लागली. लोक कर्जं तशीच टाकून, विमानतळावर गाड्या सोडून पळत होते. नेमका तेव्हाच व्हिसा आला. वर्षाच्या आत ताईंनी तिथे पाऊल ठेवायला हवं, नाहीतर कागद रद्द. भाऊ म्हणाले, "आत्ता हलायचं नाही. डोकं वर काढलं की यादीत नाव. मार्केट उठेल, इन्शाल्ला."

त्या दुपारी ताईंनी काकापोचं पान उघडलं. "हा घाबरला की जागच्या जागी थिजतो. वरून गरुड यायचा तेव्हा ते चालायचं, हिरव्यात दिसत नसे. मग माणसांनी मांजरं आणली. ती वासावर येतात. हा आपला उभाच." बाहेर सोफ्यावर भाऊ टीव्हीवर बाजारभाव बघत होते.

थिजूनही भाऊंची नोकरी जायची ती गेलीच. ताईंनी आपल्या पगारातून तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले होते. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं.

"मी एकटी जाऊन पाय ठेवते. मग तुम्ही दोघं या."

"आणि इथे लोक काय म्हणतील? नवऱ्याची नोकरी गेली, बायको पळाली?"

"म्हणू देत."

"टॉवरच्या फ्लॅटचा चेक पुढच्या आठवड्यात बँकेत जातोय. बाउन्स झाला तर मी आत जाईन, सुमेधा. तुला पक्षी बघायचेत की नवरा?"

तो फ्लॅट भाऊंनी हप्त्यांवर घेतला होता; त्या टॉवरचा तेव्हा नुसता खड्डा होता, आणि अजूनही तिथे खड्डाच आहे. ताईंनी पैसे आणून टेबलावर ठेवले. भाऊ म्हणाले, "परत देईन. पूर्ण देईन."

यावर माझा राग नाही. तुरुंग काही खोटा नव्हता, इथे चेक परत आला की माणसाला आत टाकायचे. राग पुढचा आहे. थोड्याच दिवसांत भाऊंना अबुधाबीजवळ मुसफ्फामध्ये दुसरी नोकरी लागली. व्हिसाची मुदत अजून शिल्लक होती. पगार झाला, आणि दारात गाडी आली. "रोज अबुधाबीला जायचं तर गाडी नको?" ताईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. भाऊ म्हणाले, "देणारे ना, कुठे पळून चाललोय?" मुदत संपली त्या दिवशी ताई कामावरून आल्या आणि म्हणाल्या, "हसीना, आज चपात्या दोनच कर." पुस्तक कपाटावर गेलं. छंद म्हणे!

पुढे ताईंची किडनी गेली. आठवड्यातून तीन वेळा मशीनवर. आता फिरायला जायचा व्हिसा कुणीही दिला असता, पण मशीन सोडून एवढ्या लांब जाणार कशा? मी जवळ बसायची, पुस्तक घेऊन. त्या डोळे मिटूनच म्हणायच्या, "चोच सांग." मी चोच सांगायची, त्या नाव सांगायच्या. पाठराखीण आली की हसायच्या.

ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. ईराने दिलं. "यू वेअर द ओन्ली वन हू न्यू देम," म्हणाली. मला त्यातलं इंग्रजी वाचता येत नाही, पण पान उघडलं की चोच दिसते, शेपूट दिसते, आणि ओट्याला टेकलेल्या ताई दिसतात. लाटणं हातात घेतलं की तोंडात आपोआप येतं, मोठं पोर, मोठं पोर...

शेवटच्या दिवसांत एकदा भाऊ दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात जाडसर पाकीट. ते त्यांनी ताईंच्या पांघरुणावर ठेवलं. "घे. तुझ्या तिकिटाचे. पूर्ण आहेत, मोजून घे. कुणाचं ठेवत नाही मी."

ताईंच्या हाताला नळ्या होत्या, मोजणार कशाने? त्या भाऊंकडे बघत हळू, अगदी त्या घुबडाच्या सुरात म्हणाल्या, "मोठं पोर... मोठं पोर..."

"ईरा ना? ती येतेय संध्याकाळी," भाऊ म्हणाले.

ताई माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही. पाकीट मी उचलून उशीखाली ठेवलं. पैसे पूर्ण होते.