एकोणीसचा आकडा आणि अब्बांचं ऑपरेशन

मंडळी, हॉस्पिटलसमोरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या, घाईत आहे.

काल संध्याकाळी अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच बायपास करावी लागेल.

माझा मोठा भाऊ इम्रान अंबडला कंपनीत इंजिनिअर आहे. कुराणातल्या शब्दांची आणि आयतींची, म्हणजे वचनांची, संख्या एकोणीसच्या पटीत बसते, असं त्याने इंटरनेटवर वाचलंय. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचतच नाही. आज सकाळी तो डॉक्टरांना म्हणाला, “एकोणीस तारखेपर्यंत थांबू या.”

डॉक्टर म्हणाले, “थांबा, पण तोवरची खात्री मी देणार नाही.”

मी चिडले. “भाई, त्या साइटवर ऑपरेशनच्या तारखाही दिल्यात का?”

“आज काही झालं तर जबाबदारी तुझी,” तो म्हणाला.

अब्बा पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. हळू आवाजात म्हणाले, “बेटा, तुझा हिशोब बरोबर असेलही. पण मला आज दुखतंय.”

इम्रानने ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली.

आता ऑपरेशन झालंय, पण अब्बा अजून शुद्धीवर आलेले नाहीत. इम्रान आयसीयूच्या बाहेर बसलाय, माझ्याशी बोलत नाही.

खरं सांगू? आमचा कुराणावर विश्वास आहे, पण त्या आकड्यांवर माझा कधीच नव्हता. तरी मघापासून मनात येतंय, थांबायला हवं होतं का? भीती वाटली की तुमचंही असंच होतं का हो?