प्रार्थनेतले टोमणे

परतवाड्यात आमची ख्रिस्ती मंडळी लहान. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सतरंजीवर गोल बसायचं आणि एकामागून एक प्रार्थना करायची. माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसायची, म्हणजे माझं झालं की तिची पाळी. वीस वर्षांची आमची मैत्री. बाजार बरोबर, उपासही बरोबर.

माझ्या मुलीचं लग्न मोडायला आलं, तेव्हा मी ते फक्त तिला सांगितलं. पुढच्याच शुक्रवारी तिनं डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर मुलीचं नाव घेऊन म्हणाली, "प्रभू, या लेकीचा संसार वाचव." तिच्या लेखी तो प्रार्थनेचा विषय होता. माझ्या लेखी माझी अब्रू चव्हाट्यावर आली होती. बाहेर चपला घालताना मी म्हटलं, "तुले सांगतलं होतं, गावाले नाई."

"मी तं देवाले सांगतलं वो बाई."

"देव काई बहिरा नाई. मनात सांगतलं असतं तरी ऐकलं असतं त्यानं."

तिथून बोलणं बंद. बंद म्हणजे एकमेकींशी. देवामार्फत चालूच होतं. मी डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, काही जिभांना आता तूच आवर घाल." लगेच तिची पाळी. "प्रभू, ज्यांच्या मनात अढी आहे त्यांना मोठं मन दे." मंडळी भाबडी, दोन्हीकडे सारख्याच जोरानं आमेन म्हणायची. पाळकसाहेबांनी तर एकदा माझ्या प्रार्थनेचं कौतुक केलं. दोन वर्षं हे चाललं. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. आठवडाभर मी वाक्यं जुळवत असायचे.

मग तिला लकवा झाला. अकोल्याला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, वाचा गेली. मुलानं तिला अकोटला आपल्या घरी नेलं. शुक्रवारी पाळकसाहेब म्हणाले, "ताईंचं बोलणं गेलं, प्रार्थना करा," आणि मला माझी जिभांना आवर घालायची प्रार्थना आठवली. मी मागितलं होतं तेच झालं होतं. देव असा नाही, हे मला माहीत आहे. रविवारच्या शाळेत मुलांना मी तेच शिकवत आले. पण त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

घरीही तेच. गुडघे टेकायचे आणि तशीच उठायचे. मुलीसाठी मागायला जावं तर ताईचा चेहरा समोर यायचा. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका सकाळी म्हणाले, "देवा, तुझ्या आडून मी तिला दगड मारले." आणि हुंदका फुटला. तेव्हा कळलं, दोन वर्षं मी देवाशी बोललेच नव्हते. बोलत होते ते तिलाच. त्याच दिवशी अकोटची एसटी धरली.

सुनेनं तिला उशीला टेकवून बसवलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून ती रडायला लागली. मी खाटेवर बसले. "ताई, माह्यी चूक झाली. मले माफ कर."

तिनं चालत्या हातानं माझा हात धरला, डोळे मिटले आणि घशातून आवाज काढायला लागली. शब्द एकही नाही.

सून म्हणाली, "काईतरी मागून राहिल्या. पाणी देऊ का?"

"नाई वो," मी म्हणाले. "प्रार्थना करून राहिली."

बराच वेळ ती आवाज काढत होती. घाम आला तिला. मला काही म्हणता काही कळलं नाही. थांबली तेव्हा मी आमेन म्हणाले. भांडणानंतर तिच्या प्रार्थनेला मी म्हटलेलं ते पहिलं आमेन.

परतीच्या गाडीची वेळ झाली तरी ती हात सोडेना. "पुढच्या शुक्रवारी येतो," असं सांगून एकेक बोट सोडवावं लागलं. बुधवारी ती गेली.

मंडळीतले लोक म्हणतात, बरं झालं, वेळेवर भेट झाली. वेळेवर कसली? दोन वर्षं ती माझ्याजवळ बसून बोलत होती, आणि मी तिचं ऐकलं ते तिच्याजवळ शब्द उरले नाहीत तेव्हा.