मामांची उराभेट

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नाही आणि आता होणारही नाही. त्यांच्या लेखी माणसांच्या दोनच तऱ्हा होत्या: ज्याच्याकडे लपवलेलं हत्यार सापडलं तो एक, आणि ज्याच्याकडे ते अजून सापडायचं होतं तो दुसरा. मी दुसऱ्यात मोडत होतो. लग्न ठरवायला म्हणून चाकणला गेलो, तेव्हा मामांनी मला दारातच उराशी कवटाळलं. पाठीवरून हात फिरवला, कमरेवरून फिरवला, कोटाचे खिसेसुद्धा मायेने थोपटले. मी तर गहिवरलोच. पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात मी कारकून, मुलूख परका, जवळपास नात्यागोत्याचं कोणी नाही, आणि इथे एक धिप्पाड गृहस्थ पहिल्याच भेटीत पोटच्या पोरासारखं जवळ घेतो म्हणजे काय! लग्नानंतर सहा महिन्यांनी बायकोने सांगितलं, की ती माया नव्हती, झडती होती. माझ्या आतल्या खिशातली चष्म्याची डबी त्यांना पुढे आठवडाभर सलत होती म्हणे.

मामांचं चाकणच्या बाजारात चहाचं हॉटेल होतं. पूर्वी तिथेच त्यांचा दारूचा गुत्ता होता. दारूबंदी आली, पिंपं गेली आणि किटल्या आल्या. बाकं मात्र तीच राहिली, गिऱ्हाईकही बरंचसं तेच, आणि गुत्त्याचा नियमही तोच. बाकावर बसायचं तर जवळचं हत्यार गल्ल्याशेजारच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. गुत्त्यात ते एक वेळ शोभत होतं. पण चहा प्यायला आलेल्या मास्तरांकडून पेन्सिल तासायचा चाकू काढून घ्यायचा, याला काय म्हणावं? बाजाराच्या दिवशी त्या फळीवर कोयते, विळे, न्हाव्याचे वस्तरे आणि म्हाताऱ्यांचे अडकित्ते ओळीने मांडलेले असत. एकदा तर कीर्तनाला निघालेल्या बुवांची वीणा त्यांनी कानाशी धरून हलवून पाहिली. बुवा भडकले. मामा शांतपणे म्हणाले, "पोकळ हाय म्हनून बघितली. पोकळीत काय बी मावतंय, बुवा."

मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, चहा पिऊन कोण कुणाचा खून करतो?"

"जावईबापू, दारू प्यालेला आरडतो, वरडतो, कळतं तरी. च्या पिनारा गप बसतो. गप बसनाऱ्याचा काय नेम?"

यावर मी गप्प बसलो, तर ते माझ्याकडेच रोखून बघायला लागले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर सडकेचा ठेकेदार आला. नाशिकच्या रस्त्यावर खडी टाकायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचे मजूर दोन्ही वेळचा चहा मामांकडेच घेत, आणि खरं सांगायचं तर दारूबंदीनंतर ते हॉटेल त्यांच्याच जिवावर उभं होतं. एका बाजाराच्या दिवशी ठेकेदार स्वतः चहाला आला. मामांनी त्याला कवटाळलं आणि त्यांचा हात त्याच्या कमरेशी थांबला. कोटाखाली पिस्तूल होतं.

"फळीवर ठेवा, सायेब."

"लायसन आहे, मामा. सरकारने दिलंय. माळावरून एकटा फिरतो मी. हे असं लोकांसमोर मांडून ठेवू?"

झालं, चहा बाजूला राहिला आणि वाद रंगला. मास्तरांचं म्हणणं पडलं, की चांगल्या माणसाजवळ हत्यार असावं आणि ते दिसू नये, म्हणजे वाईट माणूस सगळ्यांनाच वचकून राहतो. पाटील म्हणाले, कायद्याने दिलंय ते आपण कोण नाकारणार. मीही, कारखान्याची हवा लागलेला शहाणा, म्हणालो की परवाना बघावा आणि सोडावं. सगळं हॉटेल एकीकडे आणि मामा एकटे एकीकडे. शेवटी ठेकेदार दाराकडे वळला. "मग उद्यापासून आमची माणसं दुसरीकडे चहा घेतील," असं त्याने सरळ सांगितलं. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "हट्ट सोडा हो. हॉटेल बसेल अशाने."

मामांनी हातातलं फडकं पिळून गल्ल्यावर टाकलं. मग त्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाकडे बोट केलं. त्याचा उजवा हात मनगटापासून लुळा होता.

"त्या हाताची शीर म्या तोडली, सायेब. गुत्त्याच्या टायमाला. हत्यार फळीवर ठिवायचा नेम लोकास्नी व्हता, मला न्हवता. माज्या काठीत गुप्ती असायची, कुनाला ठावं न्हवतं. भांडान निघालं आनि ह्यानं बंडीत हात घातला. मला वाटलं, ह्यानं बी लपवलंय. म्या आदी काढली."

"त्याच्याकडे काय होतं?" ठेकेदाराने विचारलं.

"तंबाकूची चंची," गाडीवानच म्हणाला.

"तुमी वाईट न्हाई, सायेब," मामा म्हणाले. "पन तुमच्याजवळ हाय म्हनल्यावर समद्यांजवळ असंल असं वाटाया लागतं. मग कुनी नुसता खिशात हात घातला, तरी जीव जातोय. म्हनून ठिवा म्हनतो."

ठेकेदाराने कोट सारखा केला. वाईट त्यालाही वाटलं असणार, पण माळावरून जायचं त्याला होतं, आणि त्याने पिस्तूल काही काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मजूर आले नाहीत. दिवाळीच्या आत हॉटेल बंद पडलं. आम्ही सगळे मतं देऊन मोकळे झालो आणि दुकान गेलं ते मामांचं. मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढे कधी रविवारी चाकणला गेलो, की मामा बंद हॉटेलच्या ओट्यावर चूल पेटवून बसलेले दिसायचे. दोनच कप चहा व्हायचा, एक त्यांचा आणि एक गाडीवानाचा. दोघं फारसं बोलत नसत. मध्येच गाडीवानाला तंबाखूची तलफ यायची. पण बंडीत डावा हात घालायच्या आधी तो थांबायचा आणि इतक्या वर्षांनंतरही म्हणायचा, "चंची काढतो हां, मामा."

मामा मान खाली घालून म्हणायचे, "काढ, बाबा."