विसाव्या नावाखालची मुलगी

बारावीचा निकाल लागला तेव्हा मला शाळेत बाई व्हायचं होतं, दुसरं काहीच न्हाई. जालन्यातल्या एका संस्थेच्या डी.एड. कॉलेजात चाळीस जागा होत्या आणि त्याच कॉलेजच्या ऑफिसात माझा थोरला भाऊ कॉम्प्युटरवर बसायचा. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत तेव्हा कॉम्प्युटरला हात लावलेला तो एकटाच. त्यामुळं घरात दादा म्हणेल ते बराबर.

गुणवत्ता यादी त्यानंच लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघणार होती. जेवताना त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. जास्त गुणवाल्या वर, कमीवाल्या खाली, आणि पडद्यावर एका वेळी वीसच नावं. पुढचं पान हवं असलं की विसाव्या मुलीचे गुण मशीनला द्यायचे आणि सांगायचं, आता हिच्यापेक्षा कमी गुणवाल्या वीसजणी दाखव. "हाय का न्हाई सोपं?" तो म्हणाला. मला डोंबल कळतंय त्यातलं! मी मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. त्या कॉलेजात बोर्डावर गुण लिहायची पद्धतच नव्हती. गुण दिसले की पालक भांडायला येतात, म्हणून निवडलेली चाळीस नावं आडनावांप्रमाणे अकारविल्हे लावून टाकायचे. पहिली कोण, शेवटची कोण, काही पत्ता लागायचा न्हाई. माझी शेजारची मैत्रीण मात्र लागली होती, आणि तिचे नि माझे गुण अगदी सारखे होते.

मी रडत घरी आले. थोड्या वेळानं दादा ऑफिसातून आला. म्हणाला, "गुण सारखे असले की वयानं मोठी आधी घेतात. ती चाळिसावी, तिथंच जागा संपल्या. एका जागेनं हुकलं बघ तुझं." पाठीवरून हात फिरवला त्यानं. वडील म्हणाले, उद्या ऑफिसात जाऊन एकदा विचारू का? तर मीच म्हणाले, दादा तिथं असताना आपण कशाला जायचं?

वर्षाच्या आत माझं लग्न झालं आणि मी वडीगोद्रीला गेले. मैत्रीण शाळेत शिकवायला लागली. माहेरी आले की तिच्यामागं "बाई, बाई" करत जाणाऱ्या पोरी दिसायच्या. जळायची मी, खोटं कशाला बोलू?

पाच-सहा वर्षांनी गावच्या शाळेत कारकुनाची जागा निघणार असं कळलं, म्हणून मी जुन्या जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास लावला. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान. एक दिवस त्यांनी फळ्यावर गुणांची यादी काढली, पाच-पाच नावांची पानं पाडली आणि विचारलं, "पाचव्या आणि सहाव्या मुलीचे गुण सारखे आहेत. पाचवीवर पहिलं पान संपलं. आता तिच्यापेक्षा कमी गुणवाल्या मागितल्या, तर सहावी कुठल्या पानावर येईल?"

कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या.

"कुठल्याच नाही," मॅडम म्हणाल्या. "तिचे गुण कमी नाहीत, सारखे आहेत, म्हणून ती मधेच गळते. तेव्हा गुणांबरोबर फॉर्म नंबरही धरायचा. तो दोघींचा सारखा नसतो."

मला दादाची ती वीस-वीस नावांची पानं आठवली. क्लास सुटल्यावर तडक दादाच्या घरी गेले. तो पेपर वाचत बसला होता. मी उभ्यानंच विचारलं, "दादा, माझी मैत्रीण कितवी होती रे?"

कोणती मैत्रीण, कशात कितवी, काही म्हणजे काही विचारलं न्हाई त्यानं. खाली बघून म्हणाला, "विसावी."

म्हणजे मी एकविसावी! माझ्यापेक्षा कमी गुणवाल्या वीसजणी आत गेल्या, आणि मी इतकी वर्षं माझ्या नशिबाला बोल लावत राह्यले.

"कधी कळलं तुला?"

"यादी लागली त्याच दिवशी. यादीशी फॉर्म ताडताना तुझाच मधला गळालेला दिसला, मंग ध्यानात आलं. तुला कळायच्या तासभर आधी."

चूक झाली असती तर पोटात घातली असती मी. कुणाच्या हातून होत न्हाई? पण त्या तासाभरात माझ्या सख्ख्या भावानं माझी नि मैत्रिणीची जन्मतारीख काढून बघितली होती, मला सांगायला कारण पाहिजे म्हणून. असं तर परकं माणूसबी करत न्हाई!

"प्रिन्सिपॉलची सही होऊन गेल्ती गं," तो म्हणाला. "तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"आन् माझी?" मी इतक्या जोरात ओरडले की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दादानं पेपरची घडी घातली. म्हणाला, "तुझं काय, तुझं लग्न होणारच होतं की."