राणीसाहेब, खाली बसा

आमच्या गावात राणीसाहेब म्हटलं की कारभारी. कर्जतच्या बाजारात कुणी तशी हाक मारली, तरी गडी बैलाचा सौदा सोडून "ओ" द्यायचा. चैत्रातल्या जत्रेच्या नाटकात राणीचं काम वर्षानुवर्षं त्याचंच. एरवी नांगर धरणारा हा राकट माणूस मिशा उतरवून नऊवारी नेसायचा आणि असा रडायचा की पुढं बसलेल्या बायांचे पदर ओले व्हायचे. मिशांवरून कुणी चिडवलं, तर म्हणायचा, "मिशा काय, पुन्ना येत्यात. नाटक वर्साचं येकदाच."

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नाटक राहिलं बाजूला आणि सारं गाव खडी फोडायला गेलं. तिथंच एक कपची उडाली आणि कारभारीचे पुढचे दात पडले.

चौऱ्याहत्तरला पाऊसपाणी जरा बरं होतं, म्हणून पुन्हा नाटक करायचं ठरलं. चावडीत कारभारी स्वतःच म्हणाला, "ह्या बोळक्याची रानी बघून राजा पळून जाईल." बाहेरून नटी आणा, असं कुणीतरी सुचवलं. त्यावर हा उसळला. "कशाला? माझी लेक बनू हाय की! समदं काम तिला तोंडपाठ हाय."

चावडीत चुळबुळ सुरू झाली. गावची लेक तोवर कधी नाटकात उभी राहिली नव्हती. घरी बायकोनं, लंकाबाईनं, त्याला फैलावर घेतलं. "लोक हसले म्हंजी? पुढं पोरीचं लगीन कोन करील?"

"ज्याला रानी पायजे, तो करील."

बोलून गेला खरा. पण नाटकाच्या दिवशी तो माझ्याशेजारी घोंगडीवर बसला, तेव्हा सारखा टोपी काढून पुन्हा घालत होता. लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिलं तेवढंच. त्यानंतर समोर बसून नाटक त्यानं पाहिलंच नव्हतं. "हितून पडदा लई मोठा दिसतो रं," म्हणाला.

दरबार भरला. राजा गरजला, "प्रधानजी, राणीसाहेबांना बोलवा!"

आणि कारभारी ताडकन उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय! मागून आरोळी आली, "राणीसाहेब, खाली बसा!" सगळं पटांगण खो खो हसायला लागलं आणि नेमकी त्याच हशात बनू रंगमंचावर आली. मी कारभारीला खाली ओढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हसणाऱ्यांच्या एकेकाच्या मुस्काटात द्यावी, असं मला वाटलं.

बनू थांबली. तिनं पदर सावरला आणि सगळ्या गावावरून सावकाश नजर फिरवली. मग म्हणाली, "प्रधानजी, आमच्या दरबारात हसण्याची परवानगी कुणी दिली?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. बिचारा प्रधान खरोखरच घाबरला आणि हात जोडून उभा राहिला. पटांगण चिडीचूप झालं. तिथून पुढं शेवटापर्यंत पोरीनं गाव मुठीत ठेवलं. शेवटच्या प्रवेशात बायका रडल्या, मी रडलो, आणि बायकांत बसलेली लंकाबाई तर हुंदके देत शेजारणीला सांगत होती, "माझी हाय ती, माझी!"

पडदा पडला. मागून त्याच्या दोस्तानं, मच्छिंद्रनं, नेहमीसारखी हाक मारली, "ओ राणीसाहेब, तंबाखू हाय का?"

कारभारीनं "ओ" दिली नाही. छाती काढून उभा राहिला आणि पडद्याकडं बोट दाखवलं.

"रानीसाहेब तकडं हायती. मी त्यांचा बाप."