घोंगडी नावाचं बटण

"थांबा अप्पा, पानाचे कपडे बदलते," म्हणून ती बटण दाबायची. कॉम्प्युटरवरचं पांढरं पान हिरवं व्हायचं, हिरव्याचं निळं. मजकूर तोच, अंगावरचं तेवढं वेगळं.

राजेश्वर गावच्या बसस्टँडजवळ तिचं इंटरनेटचं दुकान होतं; सगळे तिला अक्का म्हणायचे. पुण्या-हैदराबादला पोट भरायला गेलेल्या आमच्या माणसांसाठी तिनं वेबसाइट काढली होती. तिकडची माणसं त्या वेबसाइटवर चार ओळी लिहायची, इकडची दुकानात येऊन वाचायची. माझी लेक पुण्याहून लिहायची. मी तिसरी शिकलेला, पण लेकीचं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही, हा माझा हट्ट.

पुढं पुढं त्या पांढऱ्या पानाकडं बघितलं की डोळ्यांना पाणी यायचं, अक्षरं विरघळायची. दुकानातले म्हणायचे, "अप्पा, अक्का वाचून दाखवंल की."

"माझे डोळे चांगले हाईत. मशीन खराब हाय."

"व्हय, मशीनच खराब हाय," ती म्हणायची. हसायची नाही. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. आपण झाकलेलं त्यांना दिसतं, आणि ती नजर दुसरीकडं वळवतात.

एक दिवस म्हणाली, "अप्पा, पानाला एक कापड कमी पडायलंय. तुम्ही धनगर. घोंगडी कशी असते, सांगा."

मी ऐटीत सांगितलं. काळी जमीन, पांढरी धार. दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या पानावर पांढरीफेक अक्षरं आणली.

"एवढी पांढरी लोकर कंच्या मेंढीची? दुधाच्या सायीसारखी कर. आणि धार जाड पाहिजे."

"कामून जाड?"

"जाडच असती. मी सांगतो न्हवं."

तिनं रंग सायीचा केला, अक्षरं जाड केली, बटणावर लिहिलं 'घोंगडी'. मी खुर्ची ओढून बसलो. लेकीनं लिहिलं होतं, नवी खोली घेतली, पोरगी शाळेत जायलीय. सगळं वाचलं मी. मोठ्यानं, दुकानभर ऐकू जाईल असं.

"मशीन सुधारली की अप्पा," ती म्हणाली.

तिनं मला कुणापुढं मान खाली घालू दिली नाही.

लग्न होऊन ती हैदराबादला गेली. आता दुकान तिचा भाऊ बघतो. परवा म्हणाला, "अप्पा, अक्कानं तुमच्या नावानं लिहिलंय. वाचून दाखवू?"

"सर बाजूला," म्हणालो. घोंगडीचं बटण मीच दाबलं.

लिहिलं होतं, 'अप्पा, मशीन बरी हाय न्हवं?'